सिस्टर-फादर व्हायचं मनात आहे? या चुका टाळा

मे महिन्यात शिबिर होतं. शेवटच्या रात्री मेणबत्त्या लावून आराधना होते, आणि सकाळी तीन-चार पोरी एकदम म्हणतात, "आम्हाला सिस्टर व्हायचं." त्यातल्या एखादीला खरंच पाचारण (देवाचं बोलावणं) असेल, पण ते त्या रात्री कळत नाही. जुलैत चिखलात निंदण करताना, कंबर मोडलेली असतानाही तीच ओढ राहिली, तर तिच्याकडे लक्ष द्यायचं.

जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाती 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत पायाला गोळा लागून लोयोलाच्या वाड्यात पडून होते. मोठा सरदार होण्याची स्वप्नं रंगवताना त्यांना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगायचा विचार केला की तो संपल्यावरही मन प्रसन्न राहायचं. हा फरक ओळखायला त्यांना दिवस लागले. मन खचलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये, हेही त्यांनीच सांगून ठेवलं आहे.

घरची अडचण लपवू नका

पाहायला पाहुणे येऊ लागले, बारावीत विषय राहिला, सोयाबीन पावसात सडलं. अशा वेळी कॉन्व्हेंट आठवतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, हेतू थोडाफार मिसळलेलाच असतो. पण स्वतःला विचारा: उद्या फुकटात नर्सिंगला नंबर लागला आणि लग्नाचं कोणी नाव काढलं नाही, तर जायची इच्छा उरेल का? उत्तर काहीही आलं तरी ते मार्गदर्शक फादर-सिस्टरांना सांगून टाका.

काम पाहून जगणं ठरवू नका

दवाखान्यातली सिस्टर सगळ्यांना दिसते. रात्री औषधांचा हिशेब लावून ती चॅपलमध्ये येते आणि सकाळी जिच्याशी खटका उडाला त्याच सिस्टरशेजारी बसून प्रार्थना म्हणते, ते कोणी पाहत नाही. व्रतस्थ जीवन बरंचसं तिथे असतं. म्हणून चार दिवस कॉन्व्हेंटात राहून बघा, आणि एकाच संघावर (सिस्टरांच्या संस्थेवर) थांबू नका. बरेच संघ मूळचे केरळचे. त्यांच्या कॉन्व्हेंटात हिंदी-इंग्रजी चालते आणि ताटात भाकरीऐवजी भात येतो. पोरांनी हेही समजून घ्यावं की धर्मप्रांताचा (बिशपांच्या हाताखालचा) फादर दारिद्र्याचं व्रत घेत नाही, संघाचा घेतो.

हक्कसोडपत्रावर सही करू नका

याबद्दल कोणी बोलत नाही, आणि मला हीच चूक सगळ्यात मोठी वाटते. "तू तर आता देवाची झाली, तुला वावर काय करायचं?" असं म्हणत घरचे तहसीलला न्यायला निघतात. चर्चचा कायदा एवढी घाई करत नाही. नॉव्हिशिएटसाठी, म्हणजे व्रतांआधीच्या उमेदवारीसाठी, वयाची 17 वर्षं पूर्ण लागतात आणि तो किमान 12 महिन्यांचा असतो. त्या काळात तुम्ही केव्हाही परत येऊ शकता. पहिली व्रतं 18 नंतर. मग निदान तीन वर्षं तात्पुरत्या व्रतांची, आणि 21 पूर्ण झाल्याशिवाय कायमची व्रतं नाहीत. पहिल्या व्रतांआधी मालमत्तेचा फक्त कारभार आपल्या पसंतीच्या माणसाकडे सोपवायचा असतो. मालकी तुमचीच राहते. मृत्युपत्र करायचं ते कायमच्या व्रतांआधी. काही संघांत सगळंच सोडावं लागतं, पण तेही तेव्हाच. त्यामुळे सातबाऱ्यावरचं नाव आजच काढायची गरज नाही. उद्या परत यावं वाटलं तर पायाखाली जमीन असू द्या.

पीककर्ज तुमच्या नावावर असेल तर मात्र पहिल्याच भेटीत सांगा. फेडता न येणारं कर्ज असलेल्याला नॉव्हिशिएटमध्ये घेऊ नये, असा चर्चचा कायदा आहे.

आईला शेवटी सांगू नका

"पोरगी काहून जाते बाप्पा, काय कमी केलं आम्ही?" हा प्रश्न येणारच. बॅग भरल्यावर येण्यापेक्षा सहा महिने आधी आलेला बरा. एकदा आईलाच कॉन्व्हेंटात घेऊन जा. उलट बाजूही असते: घरच्यांनीच नवस बोलून ढकलत असतील, तर फादरांना स्पष्ट सांगा. जबरदस्तीने किंवा फसवून झालेला नॉव्हिशिएटमधला प्रवेश कायद्याने ग्राह्यच नसतो.

कागद आधी जुळवा

बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला लागतो. चर्चच्या वहीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि आधारवर तिसरं, हे आपल्याकडे नेहमीचंच. शिवाय नागपूर आणि अमरावती हे लॅटिन विधीचे (उपासनेच्या परंपरेचे) धर्मप्रांत, तर चांदा सिरो-मलबार, म्हणजे मूळच्या केरळच्या विधीचा. तुमची नोंद एका विधीत आणि निवडलेला संघ दुसऱ्या विधीचा असेल, तर वेगळी परवानगी लागू शकते. आपल्या फादरांना आताच विचारून ठेवा, आणि दाखल्यांचं काम कापसाच्या वेचणीआधी उरका. नंतर तुमच्यासोबत तालुक्याला यायला घरात कोणाला सवड नसते.