नाशिकमध्ये राहून गोल्फमध्ये १०० च्या आत कसं यायचं

आधीच सांगतो, नाशिकमध्ये रिक्षावाल्याला गोल्फ क्लब म्हटलं की तो तुम्हाला अनंत कान्हेरे मैदानावर नेऊन सोडणार, तिथे जॉगिंग ट्रॅक आहे, क्रिकेट आहे, रणजीच्या मॅचेस झाल्यात, गोल्फ सोडून सगळं आहे. देवळालीला लष्कराचा कोर्स आहे पण तिथे आपण सिव्हिलियन लोक वाटलं तेव्हा किट उचलून जाऊ शकत नाही. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच हौशी मंडळींचा राउंड पुण्याला नाहीतर मुंबईला, तोही कुणा मेंबरच्या ओळखीने किंवा ग्रीन फी भरून, आणि तोही कधीतरी. एवढ्या कमी खेळात १०० च्या आत, म्हणजे अठरा होलच्या राउंडमध्ये शंभरपेक्षा कमी शॉटमध्ये, येता येतं का? येतं, पण त्यासाठी स्विंगच्या मागे लागून उपयोग नाही, हिशोबाच्या मागे लागायचं.

हिशोब असा. पार ७२ चा कोर्स धरा, पार म्हणजे चांगल्या खेळाडूला लागतील असे ठरवलेले शॉट. प्रत्येक होलला बोगी, म्हणजे पारपेक्षा एक जास्त, केली की ९० होतात. आपल्याला हवेत ९९. म्हणजे सगळीकडे बोगी धरूनसुद्धा वर नऊ शॉट शिल्लक राहतात. अर्ध्या होलला बोगी आणि अर्ध्या होलला डबल बोगी, एकही पार नाही, तरी ९९. हे एकदा डोक्यात बसलं ना की खेळ बदलतो, कारण आपण मार खातो तो पार न आल्यामुळे नाही, तर कुठेतरी दोन-तीन होलला ८ किंवा ९ लागतात त्यामुळे.

मी काय करायला सांगतो, स्कोअरकार्डच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नऊ टिंबं काढा. बोगी झाली तर टिंबांना हात लावायचा नाही, डबल बोगी झाली की एक खोडायचं, ट्रिपल झाली की दोन, आणि चुकून पार आला तर एक नवीन काढायचं. कोर्स पार ७१ चा असेल तर दहा टिंबं, ७० चा असेल तर अकरा. टोटल मारत बसू नका, दहाव्या होलला टोटल मारली की माणूस एकतर घाबरतो नाहीतर हवेत जातो, दोन्ही वाईट. टिंबं बघा फक्त.

आता एक होल नीट बघू. ३८० यार्डाचा पार ४. आपली बोगीची आयडिया आहे तर ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, तिसऱ्या शॉटला पोचलं तरी चालतं, म्हणजे हायब्रिड या लांबच्या क्लबने १६०, मधल्या अंतराच्या सात नंबरने १३०, जवळच्या वेजने ९०, झाले ३८०, मग दोन पुट, म्हणजे ग्रीनवर बॉल होलकडे सरकवायचे शॉट, एकूण पाच. यात ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, कुठेच आला नाही. ज्याचा ड्रायव्हर उजवीकडे स्लाइस होऊन झाडीत जातो त्याने पहिला १०० चा आतला स्कोअर येईपर्यंत ड्रायव्हर गाडीच्या डिकीतच ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे, सोबतचे हसतील, हसू दे. आणि पुढच्या टीवरून, म्हणजे होल सुरू करायच्या जवळच्या जागेवरून, खेळा. आपल्याकडे मागच्या टीवरून खेळायची फार हौस, तिथून प्रत्येक होल लांबतो आणि वरचा सगळा हिशोब कोलमडतो.

बॉल झाडीत गेलाच समजा. समोर दोन खोडांमधून फट दिसते, पलीकडे ग्रीन दिसतं, आणि मन म्हणतं मार. नाही मारायचं. आडवा चिप करून, म्हणजे हलका आखूड शॉट मारून, फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर, काढला तर तो दुसरा शॉट, तिसऱ्याने पुढे, चौथा ग्रीनवर, दोन पुट, सहा, एक टिंब गेलं, विषय संपला. फटीतून मारला आणि खोडाला लागून परत आला की दुसरा गेला, तिसरा पुन्हा तसाच, चौथ्याने निमूट बाहेर, पाचवा, सहावा ग्रीनच्या कडेला, चिप, दोन पुट, नऊ! एका होलला चार टिंबं. कॅडी, म्हणजे आपली बॅग उचलणारा, अशा वेळी बऱ्याचदा बोलतो, "साहेब, बाजूला काढा," आणि साहेब ऐकत नाहीत. त्याने तो कोर्स रोज तुडवलेला असतो हो, ऐका त्याचं. वयाने मोठा असेल तर मामा म्हणा, पहिल्याच होलला सांगून ठेवा की मला शंभरच्या आत यायचंय, मग तो क्लब पण त्या हिशोबाने काढून देतो.

नियम माहीत असले की शॉट वाचतात, आणि आपल्यातले बरेच जण इथे फुकट शॉट घालवतात. टीवरून मारलेला बॉल बाउंडरीबाहेर गेला किंवा हरवला असं वाटलं तर पुढे चालायला लागायच्या आधी "प्रोव्हिजनल मारतोय" असं तोंडाने म्हणून दुसरा, राखीव बॉल मारा, न म्हणता मारलात तर तोच बॉल खेळात धरला जातो आणि पहिला सापडला तरी उपयोग नाही. शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटं आहेत. काही क्लबांमध्ये अशा वेळी मागे न जाता दोन शॉटची पेनल्टी घेऊन फेअरवेजवळ बॉल ड्रॉप करायचा, म्हणजे हातातून खाली सोडायचा, लोकल रूल असतो, तो तिथे लागू आहे का हे सुरू करायच्या आधीच विचारून घ्या. लाल खुणांच्या पाण्यात गेला तर एक शॉटची पेनल्टी, बॉल जिथून आत गेला तिथपासून दोन क्लबच्या लांबीच्या अंतरात ड्रॉप, होलच्या जवळ नाही. झुडपात अडकला तर अनप्लेएबल घ्या, म्हणजे हा बॉल खेळता येत नाही असं धरा, तिथेही एक पेनल्टी आणि बॉलपासून दोन क्लब. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून. पावसाळ्यात बॉल स्वतःच्याच खड्ड्यात चिखलात रुतला तर फुकट रिलीफ, म्हणजे पेनल्टीशिवाय ड्रॉप, मिळतो, बंकर (वाळूचा खड्डा) आणि पेनल्टी एरिया (खुणांनी आखलेलं पाणी वगैरे) सोडून, हे माहीत नसल्याने लोक तसाच चिखलातून मारतात आणि शर्ट पण खराब करून घेतात.

बंकरमध्ये एकच ध्येय, बाहेर. पिनकडे, म्हणजे होलमधल्या झेंड्याच्या काठीकडे, बघू पण नका. क्लबचा फेस, म्हणजे मारायची बाजू, आभाळाकडे उघडा ठेवा, बॉलच्या दोन बोटं मागे वाळूत मारा आणि हात थांबवू नका. मारायच्या आधी बॉलच्या मागे क्लब वाळूला टेकवायचा नाही, प्रॅक्टिस स्विंगलाही वाळू उडवायची नाही, पेनल्टी लागते.

प्रॅक्टिसचं काय, तर खरी कमाई घरातच आहे. ९९ मध्ये होलला दोन असे ३६ पुट धरलेत म्हणजे एक तृतीयांशच्या वर खेळ पुटरचा, आणि पुटरला रेंज, म्हणजे प्रॅक्टिसचं मैदान, लागत नाही. होलचा व्यास सव्वाचार इंच असतो, पाणी प्यायच्या स्टीलच्या ग्लासाचं तोंड त्याहून बरंच लहान, तर हॉलमध्ये ग्लास आडवा ठेवा आणि तीन फुटांवरून रोज रात्री जेवण झाल्यावर मारत बसा, टंग आवाज येतो, घरचे वैतागतात पण सवय होते त्यांना. गच्चीवर लांबचे पुट करा, तिथे ग्लास नको, फक्त भिंतीपासून एका हाताच्या आत बॉल थांबवायचा, भिंतीला लागला तर गेला. तीन पुट होतात ते दिशेमुळे नाही, पहिला पुट फार आखूड किंवा फार लांब गेल्यामुळे होतात. गच्चीच्या फरशीवर बॉल ग्रीनपेक्षा जास्त पळतो, ते सोडून द्या, हाताला अंतर कळायला लागतं ते महत्त्वाचं.

चिपसाठी पायपुसण्यावर बॉल ठेवा, चार-पाच पावलांवर टॉवेल पसरा आणि बॉल टॉवेलवर टप्पा पडेल असा मारा. एकच क्लब, नऊ नंबर किंवा पिचिंग वेज. वजन पुढच्या पायावर, बॉल मागच्या पायाच्या बाजूला, हात बॉलच्या थोडे पुढे, मनगट मोडायचं नाही. लॉब वेजने उंच उडवायचे व्हिडिओ बघून ते करायला जाऊ नका, त्यातून बॉल एकतर दोन फूट जातो नाहीतर ग्रीनच्या पलीकडे. गच्चीवर फोमचा बॉलच वापरा हां, खाली कुणाची तरी गाडी असते. आणि मैदानावर पोरं क्रिकेट खेळत असताना खरा बॉल चुकूनही नको.

राउंडच्या दिवशी पुण्याला जायचं तर दोनशेच्या वर किलोमीटर गाडी चालवून थेट टीवर उभं राहू नका, पाठ आखडलेली असते आणि पहिले तीन होल त्यातच जातात, जमलं तर आदल्या रात्री जा. मुंबईला खेळलात तर एक लक्षात ठेवा, नाशिक समुद्रसपाटीपासून सहाएकशे मीटरवर आहे, मुंबईत खाली बॉल किंचित कमी जातो, अंतर दोन क्लबांच्या मध्ये असेल तर मोठा क्लब घ्या. सकाळी मिसळ हाणून खेळायला जायचा मोह टाळा, चार-साडेचार तास उन्हात चालायचं असतं, केळी, चिक्की आणि भरपूर पाणी बॅगेत असू द्या, चौदाव्या होलच्या आसपास जे शॉट बिघडतात ते बहुतेक भुकेने.

गिम्मी, म्हणजे जवळचा पुट न मारताच गेला असं धरणं, घ्यायची नाही, मुलिगन, म्हणजे बिघडलेला शॉट फुकट पुन्हा मारणं, नाही, दीड फुटाचा पुट पण होलमध्ये घालायचा. मित्र म्हणतील उचल रे, नाही उचलायचा, नंतर तुमचं तुम्हालाच खटकत राहतं.

अठराव्या टीवर कार्ड काढून टिंबं मोजा. एकही उरलं नसेल तरी बोगी केली की ९९ होतात. एक उरलं असेल तर डबल बोगी चालते, म्हणजे पार ४ ला सहा शॉट आहेत तुमच्याकडे, अशा वेळी पाण्यावरून मारायचं कारणच नाही, सात नंबर, सात नंबर, वेज, आणि पहिला पुट फक्त होलजवळ सरकवायचा. दोन-तीन टिंबं उरली असतील तरी हेच करा, डिकीतला ड्रायव्हर डिकीतच राहू दे.