हुशार बॉक्सरकडून शिकताना या चुका टाळा

1936 साली अमेरिकन बॉक्सर जो लुई अपराजित होता. त्याच्या लढती बारकाईनं पाहताना जर्मन बॉक्सर मॅक्स श्मेलिंगला एक सवय दिसली: जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारून झाला की लुईचा डावा हात हनुवटीशी परत येत नाही, खाली उतरतो. तेवढ्या फटीतून उजवा ठोसा घालायचा, हे ठरवून श्मेलिंग 19 जूनला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये उतरला आणि बाराव्या फेरीत लुई नॉकआउट झाला. दोन वर्षांनी त्याच मैदानात लुईनं परतफेड केली, तीही 2 मिनिटं 4 सेकंदांत.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण मोबाइलवर क्लिप पाहून शिकणाऱ्या पोरांचं नेमकं इथेच चुकतं. श्मेलिंगचा उजवा ठोसा हे एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर होतं. पोरं उत्तर पाठ करतात, प्रश्न वाचतच नाहीत. समोरच्याचा डावा हात खाली येत नसेल तर तोच उजवा ठोसा मारताना तुम्हीच उघडे पडता.

दोरांवर रेलणं

घोकंपट्टीचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे अलीचा आफ्रिकेतल्या किन्शासातला डाव. 30 ऑक्टोबर 1974 च्या पहाटे मुहम्मद अलीसमोर 25 वर्षांचा जॉर्ज फोरमन होता: 40 लढती, 40 विजय, त्यातले 37 नॉकआउट. जो फ्रेझर आणि केन नॉर्टन, दोघांनाही त्यानं दुसऱ्या फेरीतच संपवलं होतं. अली दोरांवर रेलला, फोरमन मारून मारून थकला आणि आठव्या फेरीत पडला, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं.

पहिली फेरी नीट पाहा. अली त्या फेरीत पायांवर होता आणि जॅब न टाकता थेट उजवा ठोसा मारून बघत होता. पण फोरमन अलीच्या मागे मागे धावत नव्हता, तो रिंग कापत होता, म्हणजे आडवं जाऊन वाट अडवत होता. अलीला लांबचा वळसा, फोरमनला जवळची वाट. असं पंधरा फेऱ्या पळत राहिलो तर आपलेच पाय आधी जातील, हे अलीनं ओळखलं. दोरांकडे तो गेला ते या हिशोबानं. तिथेही तो नुसता मार खात नव्हता. कंबरेतून मागे झुकून डोकं टप्प्याबाहेर नेत होता, पोटावरचे ठोसे हातांवर आणि कोपरांवर घेत होता, मिठीत फोरमनची मान खाली दाबत होता आणि फेरी संपत आली की चेहऱ्यावर झटपट ठोसे मारत होता.

हौशी बॉक्सिंगमध्ये तीन-तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या असतात. समोरचा थकेपर्यंत लढत संपलेली असते, आणि दोरांवर झाकून बसलेल्याला पंच फेरी देत नाहीत. तुम्ही सारखे दोरांवर सापडत असाल तर दोष बहुधा गार्डमध्ये (हातांनी केलेल्या बचावात) नसतो, पायांत असतो: तुम्ही सरळ रेषेत मागे जाता. दोन पावलं मागे गेलात की तिसरं बाजूला पडलंच पाहिजे. अडकलातच, तर दोन ठोसे मारा आणि पुढच्या पायावर वळून बाहेर पडा.

अंदाज घेत बसणं

व्हॅसिल लोमाचेन्कोइतकी समज असलेले बॉक्सर माझ्या मते या शतकात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. 2008 आणि 2012 अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णं, शिवाय समोरच्याच्या बाजूला जाऊन उभं राहण्याची ती विलक्षण पदलालित्याची कला. तरी ऑक्टोबर 2020 मध्ये टिओफिमो लोपेझविरुद्ध तो अर्धी लढत जवळजवळ ठोसेच न मारता अंदाज घेत राहिला. उत्तरार्धात तो उसळला, पण तोवर फेऱ्या हातच्या गेल्या होत्या. पराभव मला फार लागला, कारण वाचन बरोबर होतं, वेळ चुकली.

मार्विन हॅगलरचंही एप्रिल 1987 मध्ये असंच झालं. जवळपास तीन वर्षांनी लढायला आलेल्या शुगर रे लेनर्डसमोर हा डावखुरा बॉक्सर उजव्या पवित्र्यात उतरला, सुरुवातीच्या फेऱ्या गमावल्या आणि पंचांच्या विभागलेल्या निकालात हरला.

उपाय सोपा आहे: माहिती जॅबनंच गोळा करा. पहिल्या मिनिटात जॅब आणि हूल देत राहा आणि बघा, याचा कुठला हात आधी हलतो, दाबल्यावर हा कुठल्या बाजूला सरकतो. जॅब लागला तर गुण, नाही लागला तर निदान उत्तर मिळालं.

राग आला की समोरच्याचीच लढत लढणं, हा जुना रोग. लेनर्ड जून 1980 मध्ये माँट्रियलला रॉबर्टो डुरानशी छातीला छाती लावून लढला आणि हरला. नोव्हेंबरमध्ये न्यू ऑर्लिन्सला त्यानं पाय वापरले, दिशा बदलत राहिला. आठव्या फेरीत डुराननंच लढत सोडली. कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येईनासा झाला की समजा, राग चढलाय. एक पूर्ण वळसा घ्या, मगच पुढचा ठोसा. आणि प्रशिक्षकांनो, एका मिनिटाच्या विश्रांतीत पाच सूचना देऊ नका. एकच द्या.

खाली पडल्यावर सगळंच फेकून देणं

मे 2004 मध्ये मॅनी पॅकियाओनं हुआन मॅन्युएल मार्केसला पहिल्याच फेरीत तीनदा पाडलं. बहुतेक जण अशा वेळी एकतर पळत सुटतात किंवा डोळे मिटून हाणामारी करतात. मार्केसनं आपली शैली सोडली नाही, तिच्यातली एक गोष्ट दुरुस्त केली. त्रास देत होता तो पॅकियाओचा सरळ डावा हात. मार्केस अंतर सुधारून तो चुकवू लागला आणि लगेच उजव्यानं उत्तर देऊ लागला. बारा फेऱ्यांनंतर लढत बरोबरीत सुटली. पडल्यावर 'माझं काय चुकलं' हा प्रश्न फार मोठा आहे. 'कुठला ठोसा लागला' एवढंच विचारा आणि त्या एका ठोशाची वाट बंद करा.

शेवटची चूक पॅकियाओची, त्याच दोघांच्या चौथ्या लढतीतली. 8 डिसेंबर 2012, लास व्हेगास. पाच फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांकडे पॅकियाओ 47-46 असा पुढे होता. मार्केसचं नाक रक्तानं भरलं होतं. सहाव्या फेरीचे शेवटचे क्षण होते आणि पॅकियाओ आणखी एकदा झेपावत आत शिरला. मार्केस त्याच पावलाची वाट बघत होता. त्याचा उजवा ठोसा लागून पॅकियाओ नॉकआउट झाला तेव्हा फेरी संपायला एक सेकंद उरला होता. म्हणून सरावात फेरीचे शेवटचे दहा सेकंद वेगळे मोजा, आणि त्या दहा सेकंदांत हूल दिल्याशिवाय आत शिरायचं नाही, असा नियमच ठेवा.