कमी पैशात झोपायची खोली: आधी भिंत, मग पलंग

लग्न ठरलं, पोरासाठी खोली करायची म्हटलं की घरचे आधी तालुक्याला जाऊन पलंग बघून येतात. माझा याला विरोध आहे. पैसा थोडा असेल तर पहिला खर्च भिंतीवर करा. ओल्या भिंतीला टेकलेल्या गादीला बुरशी लागते, प्लायच्या आलमारीची पाठ फुगते, आणि तोच खर्च पुन्हा करावा लागतो. काम दिवाळीनंतर काढा. कवेलू (छताची कौलं) फेरून झाले आहेत, खोली रिकामी आहे, असं धरून पुढचं सांगतो.

ओल कुठून येते ते आधी ठरवा. वरून खाली ओघळ दिसत असतील तर दोष छताचा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पट्टा असेल, पोपडे सुटत असतील, पांढरा लोणा (भिंतीतून फुटणारा क्षार) फुलत असेल, तर पाणी खालून चढतंय. नक्की कळत नसेल तर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असले तर ओल भिंतीतच आहे. मग बाहेर जा. बहुतेक वेळा भिंतीलगत मातीचा ढीग असतो, शेणखताचा उकिरडा असतो, नाहीतर न्हाणीचं पाणी तिथेच मुरत असतं. ते हटवा, पाण्याला उतार द्या. हे केल्याशिवाय कोणताही रंग टिकणार नाही, दुकानदार काहीही सांगो.

ओल्या पट्ट्यावर ऑइलपेंट मारून ओल झाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. ऐकू नका. पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि रंग पापड्यांसारखा सुटतो. मातीच्या भिंतीवर सिमेंटची छपाई, म्हणजे प्लास्टर, करणं तर त्याहून वाईट. ती मातीला धरत नाही, आणि आतली ओल आतच राहते. लोणा कोरड्या ब्रशने झाडा, सुपलीत गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुतलात तर तो विरघळून परत भिंतीत जातो. आपल्या काळ्या जमिनीत घरांना भेगा पडतातच, कारण ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्या भेगा एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली रेती कालवून भरा.

आता भिंतीला रंगाऐवजी लावायचा चुना. मला सगळ्यात जास्त याच टप्प्याने छळलं आहे. कळीचा चुना, म्हणजे न विझवलेल्या चुन्याचे खडे, आणा आणि तो लोखंडी ड्रममध्ये भिजवा. प्लास्टिकची बादली त्या उष्णतेने वितळू शकते. आधी पाणी घ्या, त्यात खडे थोडे थोडे सोडा. खड्यांवर पाणी ओतू नका, उकळी फुटून अंगावर उडतं. लेकरांना लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. डोळ्यात गेलाच तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

दोन दिवस मुरू द्या, जुन्या धोतरातून गाळा, दुधाइतका पातळ करा. गरम पाण्यात विरघळवलेला डिंक आणि चिमूटभर नीळ घाला. मीठ घालायची पद्धत आहे, पण जिथे ओल आहे तिथे मीठ नकोच, ते हवेतलं पाणी ओढतं.

हाताला पांढरं लागतं ही चुन्याची नेहमीची तक्रार. त्यात चुन्याचा दोष नसतो, लावणाऱ्याची घाई असते. चुना नुसता वाळून घट्ट होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा दगडासारखा होतो, आणि त्यासाठी त्याला थोडा ओलावा लागतो. म्हणून भिंतीवर आधी पाणी शिंपडा, संध्याकाळी काम करा. मे महिन्यात तर लावूच नका, क्षणात वाळून भुकटी होते. चुन्याचा ओला हात, म्हणजे थर, जवळजवळ पारदर्शक दिसतो. तो बघून घट्ट थापू नका, वाळल्यावर पांढरा उठतो. रोज एक, असे तीन पातळ हात द्या. जुन्या ऑइलपेंटवर मात्र चुना धरत नाही, आधी तो खरवडावा लागेल.

बाकी सोपं आहे. पलंग नवा कशाला? घरातली बाज विणून घ्या किंवा जुना सागवानी पलंग शोधा, तो घासून तेल लावला की पुष्कळ वर्षं जातो. गादी फोमची नको. कापूस आपल्याच भागात पिकतो. जुन्या गादीची रुई पिंजून घ्या, नवी खोळ शिवा. पडद्यांना जुनी सुती लुगडी पुरतात. टिनाचं छत असेल तर बुरडाकडून बांबूचे तट्टे आणून टिनाखाली वीतभर अंतर सोडून बांधा, आणि टिनाला वरून पांढरा चुना मारा. कूलर खिडकीत बसवा, समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा, नाहीतर खोली नुसती दमट होते.

सामान लावताना पलंग आणि आलमारी भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, आणि पहिला पावसाळा जाईपर्यंत त्या फटीत काहीही कोंबू नका.