उजवीकडून गाडी चालवण्याची धास्ती कशी गेली

आइसलँडमध्ये भाड्याची गाडी घ्यायचं ठरलं आणि माझ्या पोटात गोळा आला. जन्मभर डावीकडून चालवलेली, तिथे सगळं उजवीकडून. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला, पण कागदाने धीर थोडाच येतो!

गाडी मुद्दाम ऑटोमॅटिक घेतली. गिअर कुठल्या हाताने, हा प्रश्नच मिटला. केफ्लाविक विमानतळाच्या पार्किंगमध्येच चकरा मारून हात बसवला. इंडिकेटर डाव्या हाताला, त्यामुळे वळायचं म्हटलं की वायपर सुरू. बायको हसून बेजार.

खरी कामी आली ती एक खूण: मधली रेघ कायम ड्रायव्हरच्या खांद्याकडे. भारतातही तशीच, तिथेही तशीच. वळून नव्या रस्त्याला लागलो की आधी तेवढंच बघायचो. दोन लेनच्या गोलचौकात मात्र आतल्या लेनवाल्याला बाहेर पडताना आधी जाऊ द्यावं लागतं, हे निघण्यापूर्वीच वाचून ठेवलेलं बरं. देशाला वळसा घालणाऱ्या रिंगरोडवर मर्यादा ताशी ९० किलोमीटर. मागच्याला घाई असेल तर जाऊ दे बापडा. एकपदरी पुलावर जो आधी पोचेल तो आधी. मी बहुधा थांबायचोच.

आणि हो, दार घट्ट धरून उघडा. तिथल्या वाऱ्याने ते उलटं फिरतं आणि ते नुकसान विम्यात सहसा बसत नाही.