पुण्यात कुठे कॉइल गोठते? असं म्हणणाऱ्या नवीन पोरांसाठी, फ्रीजस्टॅटचा माझा अनुभव

औंध आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा ट्रेड करून साइटवर लागलो, पहिल्याच आठवड्यात सीनियर काकांनी हातात एक डबी दिली, तिच्यातून निघालेली सहा मीटरची बारीक तांब्याची कॅपिलरी (केसासारखी नळी), म्हणाले हे एएचयूला (पंखा, फिल्टर आणि कॉइल असलेली, हवा थंड-गरम करणारी मोठी पेटी) लाव. हे काय काका, तर म्हणे फ्रीजस्टॅट, फार थंड पडलं की ट्रिप होणारा कंट्रोल, कॉइल (जिच्यावरून हवा जाते ती नळ्यांची जाळी) गोठू नये म्हणून. मला हसूच आलं, पुण्यात डिसेंबरात फार तर स्वेटर निघतो कपाटातून, इथे कॉइल कशी गोठणार. काका नुसते बघत राहिले.

महिन्याभरात भोसरीत उत्तर मिळालं, तेही मे महिन्यात. डीएक्स एएचयू (कॉइलमध्ये पाणी नाही, थेट गॅसच फिरतो), आर २२ गॅस, फिल्टर धुळीने पार चोक, वर पंख्याचा बेल्ट घसरतोय. कॉइलवरून हवाच जात नाही म्हटल्यावर गॅसला उष्णता मिळणार कुठून, सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब) उतरून ५० पीएसआयवर आलेलं. आर २२ ला ५७-५८ पीएसआय म्हणजे शून्य डिग्री, ५० म्हणजे उणे तीनच्या आसपास, मग हवेतलं पाणी फिन्सवर (कॉइलच्या पातळ पत्र्यांवर) बर्फ होऊन बसतं, बर्फामुळे हवा आणखी कमी, हवा कमी म्हणून बर्फ आणखी जास्त. एलपी कटआउट (प्रेशर फार उतरलं की कॉम्प्रेसर बंद करणारा स्विच) होता हो, पण ३५ ला सेट, तो कशाला तुटतोय. शेवटी लिक्विड परत येऊन कॉम्प्रेसर गेला, आणि बर्फ वितळल्यावर ड्रेन ट्रे भरून पाणी खालच्या फॉल्स सीलिंगवर. बाहेर चाळीस डिग्री आणि आम्ही बर्फ काढतोय. गॅस ४१०ए असेल तर शून्य डिग्रीचा आकडा १०१ पीएसआयच्या आसपास येतो, हे दोन आकडे पाठच करून टाका, गेज लावला की लगेच कळतं आपण कुठे आहोत.

आता लावायचं कसं. लोक डबीकडे बघतात, पण खरं काम कॅपिलरीचं आहे. तिच्यात व्हेपर भरलेला असतो आणि ती सरासरी काढत नाही, पूर्ण लांबीत कुठलाही साधारण ३० सेंटीमीटरचा तुकडा सेटिंगच्या खाली गेला की ट्रिप. म्हणून ती कॉइलच्या पूर्ण तोंडावर आडव्या फेऱ्या मारत पसरायची, दर चौरस फुटाला एक फूट हा धोपट हिशोब, कॉइल मोठी असेल तर दोन लावा आणि कॉन्टॅक्ट सिरीजमध्ये घ्या, म्हणजे कुठलाही एक तुटला तरी ट्रिप. मी पहिल्यांदा काय केलं, उरलेली चार मीटर गुंडाळून टायने एका कोपऱ्यात बांधली, दिसायला एकदम नीटनेटकं. काकांनी न बोलता टाय कापला. वळणावर क्लिप वापरा, हाताने करकचून वाकवली की ती पिचकते आणि मग कंट्रोल फेकूनच द्यावा लागतो. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रॉमेट हवाच, नाहीतर व्हायब्रेशनने घासून भोक पडतं. क्लिपा-ग्रॉमेट तपकीर गल्लीत मिळून जातात, साइटवाल्यांची वाट बघत बसू नका.

वायरिंगमध्ये सगळे नवीन लोक इथेच गंडतात (मीपण). डीएक्समध्ये ट्रिप झालं की कॉम्प्रेसर बंद करायचा आणि पंखा चालू ठेवायचा, म्हणजे खोलीच्या हवेनेच बर्फ वितळतो. पण थंड प्रदेशातला, बाहेरची हवा घेणारा आणि पाण्याची कॉइल असलेला एएचयू असेल तर बरोबर उलटं: पंखा बंद, फ्रेश एअर डॅम्पर बंद, गरम पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. आणि हे सगळं वायरने, फक्त बीएमएसच्या (बिल्डिंगच्या कॉम्प्युटर कंट्रोलच्या) भरवशावर नाही. इंटरलॉक (ट्रिप झालं की हे सगळं आपोआप करणारी जोडणी) ऑटोमध्ये चालतो आणि कुणी स्विच हँडवर टाकला की बायपास, असं मी दोन ठिकाणी बघितलंय, त्यामुळे दोन्ही मोडमध्ये ट्रिप करून बघितल्याशिवाय सही करत नाही.

उलटा प्रकार शिकलो श्रीनगरला, तिकडच्या एका हॉटेलच्या कमिशनिंगला आम्हा तिघा पुणेकरांना पाठवलं होतं, जानेवारीत. सेटिंग ३ डिग्री, कॉइलमागची हवा छान गरम, तरी कंट्रोल सारखा ट्रिप. अर्धा दिवस वायरिंग शोधण्यात गेला. मग कळलं, डबी आम्ही बाहेरच्या बाजूच्या पत्र्यावर ठोकली होती, तिथे शून्याच्या खाली. डबी कॅपिलरीपेक्षा थंड पडली की व्हेपर डबीतच जमतो आणि कंट्रोल हवेचं सोडून स्वतःचंच तापमान सांगत बसतो. डबी आतल्या उबदार बाजूला घेतली, गप्प झाला. तिथेच आणखी एक कळलं, व्हॉल्व्ह उघडून कॉइल रिकामी केली तरी आडव्या नळ्यांत पाणी राहतं, ते गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि यू बेंड फाटतात. एअर कॉम्प्रेसरने फुंकून काढा नाहीतर ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव) भरा.

टेस्टला फार काही लागत नाही. बादलीत पाणी आणि भरपूर बर्फ, कॅपिलरीच्या शेवटाकडचा चाळीस एक सेंटीमीटरचा भाग बुडवायचा, थोड्या वेळात क्लिक ऐकू येतो. मॅन्युअल रीसेटवाला असेल तर कॅपिलरी जरा गरम झाल्याशिवाय बटण लागतच नाही, ते खराब समजून दाबत बसू नका. एका साइटवर ऑपरेटर रोज सकाळी रीसेट मारून मशीन चालू करायचा, रजिस्टरमध्ये नोंद नाही, फिल्टर कुणी उघडून बघितला नाही, आणि आम्हाला फोन आला तो थेट कॉम्प्रेसर जॅम झाल्यावर.

मी आता झाकणाच्या आत चिकटपट्टीवर टेस्टची तारीख आणि सेटिंग लिहून ठेवतो. आणि बर्फ रसवंतीतून आणतो. भोसरीचा रसवाला पहिल्यांदा विचारायचा किती ग्लास, आता मला बघितलं की गोणपाटातून लादी काढायलाच घेतो.