नोकरी करता करता अमेरिकेत प्रीमेड: कोर्सेस आणि हॉस्पिटलचे तास एकत्र कसे बसवायचे

मी पुण्यात बीई केलं, इकडे येऊन एमएस केलं, न्यू जर्सीत 8 वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, आणि 34व्या वर्षी डॉक्टर व्हायचं ठरवून प्रीमेडला, म्हणजे मेडिकल स्कूलच्या आधी लागणाऱ्या विज्ञानाच्या कोर्सेसना, सुरुवात केली, जनरल केमिस्ट्रीच्या वर्गात 18-19 वर्षांच्या पोरांच्या मधे जाऊन बसले. नाशिकला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, अकरावीत बायो नको म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं होतंस ना तू?" घेतलं होतं. असो.

माझ्यासारखे बरेच जण आहेत हे नंतर कळलं, आयटीतले, बँकेतले, एक तर चक्क सीए. सगळ्यांचा प्रश्न एकच, एका वेळी किती कोर्स घ्यायचे आणि बाहेरचं काम, म्हणजे व्हॉलंटिअरिंग, शॅडोइंग (डॉक्टरच्या मागे राहून काम बघणं), रिसर्च वगैरे, त्यात कुठे कोंबायचं. माझं मत सरळ आहे: हॉस्पिटलचं काम आधी सुरू करा, पण ओढाताण झाली की जपायचे मार्क. तास नंतर वाढवता येतात, एकदा लागलेला सी पुसता येत नाही. भारतात रिपीटर म्हणून परत परीक्षा दिली की जुने मार्क कोणी विचारत नाही, इथे तसं नाहीये. एमडी ही इथली डॉक्टरकीची नेहमीची डिग्री, तिच्यासाठीच्या एएमसीएएस या सामाईक अर्जात एकच विषय दोनदा घेतला तर दोन्ही ग्रेड जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरतात. डीओ (ऑस्टिओपॅथिक, डॉक्टरकीची दुसरी डिग्री) च्या अर्जात पूर्वी नवीन ग्रेड जुनीच्या जागी धरायचे, 2017 पासून तेही बंद झालं.

सगळ्यात आधी कागदं

हे कंटाळवाणं आहे पण यात वर्ष जातं. बऱ्याच मेडिकल स्कूल्सना ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप लागते, एच-1 किंवा एच-4 व्हिसावर असाल तर यादी फारच छोटी होते. दुसरं म्हणजे आपली भारतातली डिग्री. एएमसीएएस परदेशातले मार्क जीपीएत घेतच नाही, आणि अनेक स्कूल्सना अमेरिकेतली बॅचलर्स नाहीतर ठराविक क्रेडिट्स इथल्या कॉलेजात केलेले हवे असतात, बऱ्याचदा 90. इथलं एमएस त्यात धरतात की नाही हे प्रत्येक स्कूलचं वेगळं. एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची एमएसएआर म्हणून यादी आहे, कुठल्या स्कूलला काय लागतं त्याची, त्यात शोधा, अडलं तर सरळ अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल टाका, उत्तर देतात. आधी विचारा आणि मग फी भरा, मी उलटं केलं.

कोर्स सुरू व्हायच्या आधीच एक छोटी शिफ्ट धरा

आठवड्यातून 4 तास. बस. याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे आज ठरवलं आणि उद्या हॉस्पिटलात गेलं असं होत नाही, टीबीची टेस्ट, गोवर-कांजिण्यांच्या टायटर (रक्तात प्रतिकारशक्ती आहे का ते बघायची तपासणी), फ्लू शॉट, बॅकग्राउंड चेक, ओरिएंटेशन, मला पहिल्या अर्जापासून पहिल्या शिफ्टपर्यंत जवळजवळ 2 महिने लागले (आणि नाशिकहून लसीकरणाचं पिवळं पडलेलं कार्ड व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलं ते कोणी बघितलंसुद्धा नाही, रक्त काढूनच मोकळे झाले). दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, आपल्याला हे काम खरंच आवडतं का ते फी भरायच्या आधी कळतं. डॉक्टर व्हायची हौस वेगळी आणि रात्री 9 वाजता उलटी झालेल्या माणसाच्या शेजारी शांतपणे उभं राहणं वेगळं.

माझी शिफ्ट इमर्जन्सी विभागात होती, शनिवारी संध्याकाळी. काम काय, तर वॉर्मरमधून गरम ब्लँकेट आणून द्यायची, रिकामे झालेले स्ट्रेचर पुसायचे, व्हीलचेअर ढकलायची, नर्सने सांगितलं तर पाणी द्यायचं. एकदा एक मराठी आजी आल्या होत्या, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, पडून मनगट सुजलं होतं. मला वाटलं आता मी कामाची, भाषांतर करते. नर्सने थांबवलं. तपासणीचं बोलणं हॉस्पिटलच्या अधिकृत दुभाष्याकडूनच व्हायला हवं, व्हॉलंटिअरने करायचं नाही, म्हणून आयपॅडवर दुभाषा आला आणि मी शेजारी ब्लँकेट धरून उभी. आजी दुभाष्याला उत्तर द्यायच्या माझ्याकडे बघून. मधे एकदा हळूच म्हणाल्या, "बांगडी कापतील का गं?" तेवढंच मी नर्सला सांगितलं, की त्यांना बांगडीची काळजी वाटतीये. पुढे इंटरव्ह्यूची तयारी करताना माझ्याकडे खरं सांगण्यासारखं जे काही होतं त्यात ही बांगडी पहिली होती, तासांचा आकडा नव्हे.

केमिस्ट्रीची साखळी कॅलेंडरवर मांडा

बायोलॉजी, फिजिक्स, स्टॅट्स हे इकडेतिकडे सरकवता येतात. केमिस्ट्री नाही. जनरल 1, जनरल 2, ऑर्गॅनिक 1, ऑर्गॅनिक 2, मग बायोकेमिस्ट्री, बहुतेक ठिकाणी एकाशिवाय पुढचा घेता येत नाही. म्हणजे फॉल-स्प्रिंग असं सरळ गेलात तर 5 सेमिस्टर्स, समर वापरलात तर कमी. हा कणा आधी मांडा आणि बाकीचे विषय त्याच्या आजूबाजूला लावा. संध्याकाळचे लॅब सेक्शन मोजकेच असतात आणि लगेच भरतात, नोकरीवाल्यांनी रजिस्ट्रेशन उघडतं त्या सकाळी तत्काळ तिकीट काढल्यासारखं बसावं.

समरमध्ये आख्खं सेमिस्टर 5-6 आठवड्यांत उरकतात. नोकरी चालू असताना ऑर्गॅनिक समरला घेऊ नका, हात जोडून सांगते. स्टॅट्स घ्या, सायकॉलॉजी घ्या.

ज्यांच्याकडे पैसे आहेत आणि नोकरी सोडता येते त्यांच्यासाठी ब्रिन मॉर, गाउचरसारखे करिअर बदलणाऱ्यांचेच पोस्टबॅक (डिग्रीनंतर प्रीमेडचे विषय करायचे) प्रोग्रॅम आहेत, साधारण वर्षभरात सगळे विषय होतात. मला घराचा हप्ता होता. पण कम्युनिटी कॉलेज आणि स्टेट युनिव्हर्सिटीचे संध्याकाळचे वर्ग जोडून करणारे भरपूर आहेत, फक्त काही स्कूल्स कम्युनिटी कॉलेजच्या सायन्सकडे नाक मुरडतात म्हणून वरचे विषय तरी 4 वर्षांच्या कॉलेजात करावेत.

क्रेडिट नको, तास मोजा

इथे सगळे फसतात. 4 क्रेडिटचा कोर्स म्हणजे आठवड्याला 4 तास असं डोक्यात बसतं. माझ्या ऑर्गॅनिकचा खरा हिशोब असा होता: लेक्चर 3, लॅब 3, लॅब रिपोर्ट 3, घरचा अभ्यास 9-10, गाडीतला वेळ 2. झाले 20. नोकरी 40 आणि जाण्यायेण्याचे 5. शिफ्ट 4 अधिक गाडी 1. म्हणजे 70, एका कोर्समध्ये! झोपेचे 49 धरा, आठवड्याचे असतात 168, उरले 49, त्यात स्वयंपाक, भांडी, पोरीचा होमवर्क, आजारपण, आणि भारतातले फोन.

कागदावर 49 मोकळे दिसले म्हणून मी दुसऱ्या वर्षी शहाणपणा केला, ऑर्गॅनिकबरोबर फिजिक्स घेतलं आणि वर वीकेंडला स्क्राइबचं काम धरलं (डॉक्टर तपासतात तेव्हा नोंदी टाइप करायच्या), 12 तास. पहिल्या मिडटर्मला ऑर्गॅनिकमध्ये 61 पडले. त्या रात्री नवऱ्याने पेपर बघितला आणि काही न बोलता चहा टाकला. नशीब की विथड्रॉची तारीख गेली नव्हती, फिजिक्स सोडलं. ट्रान्स्क्रिप्टवर एक डब्ल्यू (विथड्रॉची खूण) आला, तो जीपीएत धरत नाहीत आणि एखाद्याने काही बिघडत नाही, रांग लागली तर मात्र विचारतात. तेव्हा सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच दोन तारखा फोनमध्ये टाका: पैसे परत मिळून कोर्स सोडायची शेवटची, आणि डब्ल्यू घेऊन सोडायची शेवटची. पहिली मिडटर्म दुसऱ्या तारखेच्या आधी येते का तेही बघा.

पहिलं सेमिस्टर फुल टाइम नोकरी असेल तर एकच लॅबवाला कोर्स. ए आला तर पुढे एक लॅबवाला आणि एक बिनलॅबचा. दोन लॅबवाले घ्यायचे तर नोकरी 20-25 तासांवर आणायला हवी, किंवा घरी आई-सासू यायला हव्यात (आमच्याकडे दोघी आलटून पालटून आल्या, त्यांचे व्हिसा-तिकिटं मी फायनल एक्झामच्या तारखा बघून काढली, त्यांना हे अजून माहीत नाही).

बाहेरचं काय धरायचं, काय सोडायचं

एकच काम लांब चालवा. दर आठवड्याला 4 तास, 2 वर्षं केलं तर सुट्ट्या वगळूनही सहज 350 च्या वर जातात. स्क्राइबिंगमध्ये डॉक्टर विचार कसा करतात ते जवळून दिसतं पण पगार आयटीवाल्याला हसू येईल इतका आणि तास जास्त, नोकरी सोडल्यावरच करा. ईएमटीचा (अँब्युलन्सवरच्या तातडीच्या उपचारांचा) कोर्स स्वतःच एक सेमिस्टर खातो. हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांजवळ, बसणं शांत काम आहे, वेळ लवचिक, कोणी फारसं सुचवत नाही पण मी सुचवीन. शॅडोइंगला दर आठवड्याला जायची गरज नाही, स्प्रिंग ब्रेक किंवा सुट्टीचे 4-5 दिवस घेऊन 40 तास उरका, त्यात एक फॅमिली डॉक्टर हवाच. ओळखीच्या मराठी डॉक्टरांना विचारायला लाजू नका, मंडळाच्या गणपतीत दोन तरी भेटतात. रिसर्च नसला तरी चालतो, रिसर्चकडे ओढा असलेल्या स्कूल्स सोडून. आणि जुनी नोकरी म्हणजे वाया गेलेली वर्षं नव्हेत, अर्जात तीही अनुभवात लिहायची.

अर्जात अनुभवाच्या 15 जागा असतात, त्यातले 3 महत्त्वाचे म्हणून निवडून जास्त लिहायचं. 15 भरायलाच हव्यात असं नाही. प्रत्येकाला तारखा, एकूण तास आणि खात्री करायला एका माणसाचं नाव लागतं, म्हणून पहिल्या दिवसापासून साधं एक्सेल ठेवा आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी काय बघितलं त्याची एक ओळ लिहा, रुग्णाचं नाव-गाव न घालता. "बांगडी" एवढा एक शब्दसुद्धा 2 वर्षांनी पुरतो.

एमकॅटचे महिने

एमकॅट म्हणजे मेडिकल स्कूलची प्रवेशपरीक्षा, साडेसात तास खुर्चीत बसायची, आणि बायोकेमिस्ट्री झाल्याशिवाय देण्यात अर्थ नाही. आधीचे 3-4 महिने कोर्स शून्य किंवा एक हलका. शिफ्ट बंद करू नका, पंधरा दिवसांतून एकदा करा, कोऑर्डिनेटरला आधीच तारखा देऊन. निकालाला महिना लागतो आणि अर्ज मे-अखेर, जूनमध्ये जातो, म्हणून परीक्षा एप्रिलमध्ये उरकलेली बरी. अर्ज गेल्यावर प्रवेश पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात, म्हणजे मधे वर्षभर जातं. वर राहिलेले सगळे तास त्या वर्षात करता येतात, फक्त कॉलेजांना "सध्या काय करताय" याचं उत्तर हवं असतं, तेव्हा अर्ज पाठवला त्या आठवड्याची शनिवारची शिफ्टसुद्धा चुकवू नका.