कंडक्टिव्ह फ्लोअरिंगच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

कंडक्टिव्ह फ्लोअरिंग म्हणजे माणसांवर, ड्रमवर साचलेला स्टॅटिक चार्ज जमिनीत वाहून नेणारी फरशी. विदर्भातला एक कारखाना. सॉल्व्हेंटचे ड्रम उघडून माल रिॲक्टरला सोडायची खोली, दोनशे चौरस मीटरच्या आसपास. बीओक्यूमध्ये, म्हणजे टेंडरमधल्या कामांच्या यादीत, फ्लोअरिंगची एकच ओळ होती: ‘अँटिस्टॅटिक इपॉक्सी, २ मिमी, सर्व कामासह.’ ठेकेदाराने आणलेल्या डब्यांवरही तेच लिहिलेलं होतं. काम ऑगस्टमध्ये पुरं झालं. मी दहा ठिकाणी फरशीपासून अर्थिंगपर्यंतचा प्रतिरोध मोजला, २० ते ६० मेगाओहम आले. हद्द १०० मेगाओहमची होती, म्हणून मी सही केली.

मे महिन्यात तिथल्या सेफ्टी ऑफिसरचा फोन आला. ड्रमला हात लावला की कामगारांना चटका बसतो म्हणाले. दुपारी पोचलो तेव्हा खोलीतली आर्द्रता १८ टक्के होती. त्याच दहा ठिकाणी मीटर लावला. सात ठिकाणी १००० मेगाओहमच्या वर जाऊन मीटरची हद्दच संपली. त्या दिवसापर्यंत खोलीत आग लागली नाही, याबद्दल मला आजही हायसं वाटतं. सही माझी होती.

त्या मालात कार्बन नव्हताच. हवेतला ओलावा धरून ठेवणारं रसायन होतं. त्या ओलाव्याच्या पातळ थरातून चार्ज वाहायचा. पावसाळ्यात ओलावा मुबलक, म्हणून फरशी पास. उन्हाळ्यात ओलावा गेला, वाटही गेली. डब्यावरचं नाव खोटं नव्हतं, अँटिस्टॅटिक या शब्दात हेही बसतं. चूक बीओक्यूतल्या त्या ओळीची होती आणि ती ओळ वाचून प्रश्न न विचारणाऱ्या माझी होती.

सिव्हिल डिप्लोमा किंवा डिग्री करून, नाहीतर इलेक्ट्रिकलमधून या कामात येणारी मुलं मला नेहमी विचारतात, सुरुवात कुठून करायची? मी त्यांना आधी एक छोटं गणित करायला लावतो.

माणूस चालताना त्याच्या अंगावर चार्ज साचतो. शरीराची धारकता, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता, १०० ते २०० पिकोफॅराड, आपण १५० धरू. अंगावर २००० व्होल्ट साचले तर ठिणगीतली ऊर्जा ०.३ मिलिज्यूल होते. टोल्यूइनची वाफ पेटायला योग्य मिश्रणात साधारण ०.२४ मिलिज्यूल पुरतात, मेथॅनॉलला ०.१४. आणि २००० व्होल्टचा झटका बहुतेकांना जाणवतही नाही. ‘आमच्याकडे कुणाला शॉक बसत नाही’ हे वाक्य साइटवर दर वेळी ऐकाल. या गणितानंतर त्याची किंमत किती ते तुम्हीच ठरवा. डिटोनेटरमधल्या प्राथमिक स्फोटकांना तर याहूनही कितीतरी कमी ऊर्जा पुरते.

आता १०० मेगाओहम हा आकडा आला कुठून? चालण्याने, ओतण्याने तयार होणारा प्रवाह १ मायक्रोअँपिअरपर्यंत धरला, तर १०० मेगाओहमच्या वाटेवर १०० व्होल्टच उभे राहतात. ज्वलनशील वाफांच्या जागी एवढं चालतं. स्फोटकांच्या इमारतीत मात्र १ मेगाओहम, म्हणजे १० लाख ओहमच्या आत ठेवायचं. हे ओहमच्या नियमाबाहेरचं काही नाही. पण हे एकदा स्वतःच्या हाताने कागदावर करा. नंतर कुणी ‘आमचा माल दहाचा नववा घात ओहम देतो, चालेल ना?’ असं विचारलं तर उत्तर मानकात शोधावं लागणार नाही. खोलीत काय हाताळतात ते विचाराल आणि उत्तर तिथेच मिळेल.

खालची हद्द लोक विसरतात. प्रतिरोध फार कमी झाला तर त्या फरशीवर उभ्या माणसाच्या हाताला उघडी वायर लागली की प्रवाह सरळ त्याच्यातून जमिनीत. पूर्वी शस्त्रक्रियागृहांत भूल द्यायला ईथर आणि सायक्लोप्रोपेन हे ज्वलनशील पदार्थ वापरायचे, तेव्हा तिथे कंडक्टिव्ह टेराझो (मोझेकसारखी फरशी) असायचा. अमेरिकन नियमांत त्याची सरासरी २५,००० ओहमच्या वर आणि १० लाखांच्या खाली मागितलेली असे. तो आकडा त्यांच्या ११० व्होल्टच्या पुरवठ्याला साजेसा. आपल्याकडे २३० व्होल्ट. २३० ला २५,००० ने भागलं तर ९.२ मिलिअँपिअर येतात, म्हणजे धरलेली वायर सोडवता येण्याच्या हद्दीला प्रवाह टेकतो. ५०,००० ने भागा, ४.६ येतात. म्हणून मी आपल्या जागांसाठी खालची हद्द ५०,००० लिहितो. शिवाय त्या खोलीच्या वीजजोडणीवर गळतीला ट्रिप होणारा ब्रेकर आहे का, हे इलेक्ट्रिकलवाल्यांकडून लेखी घेतो.

स्पेसिफिकेशन लिहायला बसाल तेव्हा मालाचं नाव शेवटी लिहा. आधी मोजणी लिहा: कुठल्या मानकाने, किती व्होल्टवर, कुठल्या वजनाच्या इलेक्ट्रोडने, किती आर्द्रतेच्या आत, किती ठिकाणी, कोण मोजणार, आणि नापास झालं तर कोणाच्या खर्चाने उखडायचं. आंतरराष्ट्रीय आयईसी ६१३४०-४-१ घ्या किंवा अमेरिकन एएसटीएम एफ१५० घ्या, पण एकच घ्या आणि टेंडरपासून हँडओव्हरपर्यंत तेच ठेवा. त्या मे महिन्यानंतर माझ्या प्रत्येक टेंडरमध्ये दोन ओळी कायम असतात. पहिली, प्रवाह वाहणारा घटक कार्बन किंवा तत्सम कायमस्वरूपी हवा, ओलाव्यावर अवलंबून असलेला चालणार नाही. दुसरी, कोरड्या ऋतूत फेरमोजणी होईपर्यंत ठरावीक रक्कम रोखून ठेवायची. दुसऱ्या ओळीवर ठेकेदार भांडतात. भांडू द्या.

ठिणगीविरहित आणि कंडक्टिव्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही टेंडरमध्ये वेगळं मागावं लागतं. काँक्रीटमध्ये क्वार्ट्झ असतो. लोखंडी पाना पडला, घासला, की यांत्रिक ठिणगी उडते. त्याचा ओहमशी काही संबंध नाही. एलपीजी बॉटलिंगच्या शेडमध्ये काळं मॅस्टिक, म्हणजे डांबरी फरशी, घालतात ते यासाठी. त्याचं भारतीय मानकही वेगळं आहे, आयएस १३०२६. वीज वाहणाऱ्या मॅस्टिकसाठी आयएस ८३७४ आहे. जुन्या कारखान्यांत मॅग्नेशियम ऑक्सिक्लोराइडची फरशी भेटेल, तिच्यासाठी आयएस ६५८. आणि स्टॅटिकचा एकूण विषय आयएस ७६८९ मध्ये आहे, तो एकदा पुरता वाचा. स्फोटकांचं काम असेल तर पेसोचं (केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं) मुख्यालय नागपूरलाच आहे आणि स्फोटक नियम २००८ चे आहेत. कारखान्याच्या बाजूने राज्याच्या औद्योगिक सुरक्षा संचालनालयाचे अधिकारी येतात. हे लोक अडवायला येतात असं समजू नका. मला सगळ्यात नेमके प्रश्न त्यांनीच विचारलेत.

प्रत्यक्ष काम कसं होतं ते थोडक्यात सांगतो. स्लॅब घासून घ्यायचा, वरची सिमेंटची कमकुवत साय काढायची, ओलावा ४ टक्क्यांच्या आत आहे का पाहायचं. मग प्रायमर. त्यावर तांब्याच्या पट्ट्या चिकटवून जाळं करायचं आणि पट्टीची टोकं अर्थिंगला न्यायची. वर काळा कंडक्टिव्ह प्रायमर, शेवटी टॉपकोट. कोकणात जून ते सप्टेंबर शक्यतो हे काम घेऊ नये. घ्यावंच लागलं तर स्लॅबचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर आहे हे दर दोन तासांनी नोंदवा, नाहीतर प्रायमरखाली दव धरतं आणि वर्षभरात पापुद्रे निघतात.

या सगळ्यात बिघडण्याची हमखास जागा म्हणजे काळा प्रायमर सुकल्यावर आणि टॉपकोट घालायच्या आधीची वेळ. तेव्हाच प्रत्येक भाग अर्थिंगशी मोजून घ्या. एकदा टॉपकोट पडला की खाली पट्टी तुटली आहे की जोडणी सुटली आहे, हे उखडल्याशिवाय कळत नाही. दुसरी जागा टॉपकोटची जाडी. गिऱ्हाइकाला वाटतं जाड थर म्हणजे मजबूत काम, आणि सुपरवायझर उदार होऊन ओततो. टॉपकोट ठरल्यापेक्षा जाड झाला की आतले कार्बनचे तंतू खालच्या काळ्या थरापर्यंत नीट पोचत नाहीत, मग प्रतिरोध वर जातो. तिसरी, वाळू. ‘इथे पाय घसरतो, जरा वाळू मारा’ असं मेंटेनन्सवाले म्हणतात. ओल्या टॉपकोटवर साधी क्वार्ट्झ वाळू भुरभुरली की तुम्ही फरशीवर इन्सुलेटर पसरला, वर ठिणगी उडवणारा दगडही. एका ठिकाणी फक्त वॉश एरियाच्या तोंडाशी अशी वाळू मारलेली होती. बाकी खोली पास, तेवढा पट्टा नापास. आणि ड्रमची ट्रॉली नेमकी त्याच पट्ट्यावर थांबायची.

आता मोजणी. याच्यावर मी जास्त वेळ घालवतो, कारण सही इथे होते.

इलेक्ट्रोड म्हणजे साधारण अडीच इंच व्यासाचा, सव्वादोन किलोच्या आसपासचा गोल ठोकळा, खाली कंडक्टिव्ह रबर. दोन मोजण्या असतात: फरशीवरच्या एका बिंदूपासून अर्थिंगपर्यंत, आणि ३ फूट अंतरावरच्या दोन बिंदूंमध्ये. दोन्ही करा. दुसरी नीट आणि पहिली नापास असेल तर फरशी चांगली आहे, अर्थिंगची जोडणी गेली आहे. दोन्ही नापास असतील तर मालात किंवा जाडीत गडबड आहे. एवढं कळलं तरी ठेकेदार आणि इलेक्ट्रिशियन यांचं निम्मं भांडण मिटतं.

गुडघ्यावर बसून मी आधी काय करतो ते सांगतो. इलेक्ट्रोडचं रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कपड्याने पुसतो आणि वाळू देतो. खिशात १ लाख ओहम आणि १ कोटी ओहमचे दोन रेझिस्टर असतात, ते मीटरला लावून बघतो. मीटर खरं बोलतोय याची खात्री झाल्यावरच फरशीला हात. बटण दाबल्यावर १५ सेकंद थांबतो. आकडा सुरुवातीला पळत असतो, नवी मुलं पहिला दिसलेला आकडा लिहून मोकळी होतात. शेजारी हायग्रोमीटर. वहीत बिंदू, आकडा, व्होल्ट, तापमान, आर्द्रता, वेळ. आणि बिंदू निवडताना खोलीच्या मधली चकचकीत जागा सोडून दाराशी, ड्रमच्या खाली, ट्रॉलीच्या वाटेवर, सॉल्व्हेंट सांडल्याने रंग गेलाय तिथे बसतो.

व्होल्टेजबद्दल सावध राहा. १० लाख ओहमच्या खाली १० व्होल्टवर मोजायचं, वर १०० व्होल्टवर, असं आयईसीमध्ये आहे. साइटवर मात्र इलेक्ट्रिशियन केबल तपासायचा ५०० व्होल्टचा मेगर घेऊन येतो. जास्त दाबाखाली कार्बनच्या कणांमधला पातळ इपॉक्सीचा पडदा भेदला जातो आणि कमकुवत फरशीसुद्धा चांगला आकडा दाखवते. दुसरं, असे मेगर वायरीचं इन्सुलेशन बघायला बनवलेले असतात. फरशी ७०,००० ओहमची असो की ७००, काही मेगर ‘०.०’ दाखवतात. मी असे रिपोर्ट पाहिलेत, वीसच्या वीस ओळींत शून्य आणि खाली ‘समाधानकारक’. त्यातून खालची हद्द पाळली की नाही हे कुणालाच कळणार नाही.

चालू खोलीत मोजायचं असेल तर परमिट घेतल्याशिवाय मीटरची पिशवीसुद्धा उघडू नका. माल बाहेर, वाफांची तपासणी झालेली, गॅस डिटेक्टर शेजारी चालू. स्फोटकांच्या इमारतीत खोली रिकामी करून धुतल्यावरच. कितीही घाई असली, मॅनेजर कितीही वरचा असला, तरी याला अपवाद करू नका.

फरशी पास झाली तरी मी आणखी एक मोजणी मागतो. कामगाराला त्याच्या रोजच्या बुटांत, रोजच्या मोज्यांत फरशीवर उभं करायचं, हातात धातूची कांडी द्यायची आणि कांडीपासून अर्थिंगपर्यंत मोजायचं. माणूस, मोजा, बूट, फरशी, तांब्याची पट्टी, अर्थिंग ही सगळी एकच साखळी आहे. एका औषध कारखान्यात फरशी २ लाख ओहमची होती, पण बारापैकी तीन माणसं नापास झाली. दोघांच्या बुटांत घरून आणलेले स्पंजचे आतले तळवे होते, कारण कंपनीचे बूट चावतात. मी ते तळवे काढायला सांगितलं तेव्हा त्यातले एक काका म्हणाले, “साहेब, आठ तास उभं राहून बघा त्यात.” ते बरोबर होते. मी सेफ्टी ऑफिसरशी बोललो, पुढच्या खरेदीत मापं पायावर बघून आणि आतला तळवाही कंडक्टिव्ह असलेले बूट घेतले. तिसऱ्या माणसाच्या बुटाच्या तळाला इपॉक्सीचाच पापुद्रा चिकटला होता, आमच्याच कामाचा.

हँडओव्हरच्या दिवशी हाउसकीपिंगच्या सुपरवायझरला वेगळं भेटा. सिव्हिल हेडला नंतर भेटलात तरी चालेल. फरशी चकाकावी म्हणून पॉलिश मारायची सवय असते आणि फरशीची वाट बंद करायला मेणाचा एक पातळ थर पुरतो. मी आता तीन ओळींचा मराठी कागद दाराच्या आतल्या बाजूला लॅमिनेट करून लावतो: पॉलिश नाही, मेण नाही, ठरलेल्या साबणाशिवाय दुसरा नाही. खाली त्या खोलीतल्या मोजणीच्या ठिकाणांचा नकाशा आणि पुढची तारीख. ती तारीख एप्रिल किंवा मे महिन्यातली असते, दुपारी दोननंतरची.